गहू आधी भिजवायचा असतो

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी नाशिकच्या म्हसरूळला राहते, वय ३९. सहा वर्षांपासून घरच्या घरी वाळवणं करून विकते. कुरडया, उडदाचे पापड, शेवया, बटाट्याचा कीस. सगळ्यात जास्त मागणी कुरडयांना. मदतीला तिघी जणी येतात. गेल्या मे महिन्यात नऊ ऑर्डरी उशिरा गेल्या आणि दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली. म्हणून यंदा १ मार्चच्या आत दिंडोरी रोडला गाळा भाड्याने घेऊन काम वाढवायचं ठरवलंय. गाळ्याचे मालक अनामत रकमेसाठी ५ जानेवारीपर्यंत थांबायला तयार आहेत. डायरीत यादी केली तर ४३ कामं निघाली. रोज दहा खोडते, बारा वाढतात. भाच्याने मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं, त्यातही तेच. लेबलं, परवाना, शेड, वजनकाटा, थ्री फेज वीज, पिशव्या, बॅनर... मुलगी दहावीला आहे. ओला गहू वाटून देणारा गिरणीवाला आठवड्यातून दोनच दिवस घेतो, त्याच्या मागे लागावं लागतं. चीक शिजवायला मी दुसऱ्या कुणाला देत नाही, एकदा बिघडला होता. दिवसभर पळते आणि रात्री वाटतं की काहीच झालं नाही. घरचे म्हणतात, तुला प्लॅनिंग जमत नाही. पायरी-पायरीने काम सोडवायची एखादी पद्धत असेल तर सांगा.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्हाला प्लॅनिंग जमत नाही हे मला मान्य नाही, आणि मी ते तुमची समजूत काढायला म्हणत नाही. कुरडई करणारी बाई काय करते ते बघा. गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचा, पिळून चीक काढायचा, गाळायचा आणि रात्रभर बसू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरची निवळ ओतून टाकायची, आधण ठेवायचं, चीक हाटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, म्हणजे दिवसभराचं ऊन मिळतं. पुढे दोन-तीन दिवस वाळवण. यात एक पायरीसुद्धा पुढे-मागे करता येत नाही. कुणी तुम्हाला म्हणालं की परवा कुरडया हव्यात, तर तुम्ही एका सेकंदात सांगाल की गहूच भिजवलेला नाही. हे उत्तर तुम्ही कोणत्या यादीतून शोधत नाही. काय कशाआधी हे तुमच्या हाताला माहीत आहे.

गाळ्याच्या बाबतीत तुम्ही हेच सोडून दिलंत. डायरीत ४३ कामं एकाखाली एक लिहिली, ज्या क्रमाने आठवली त्या क्रमाने. यादीत सगळी कामं सारखी दिसतात. बॅनर छापणं आणि वीज कनेक्शन मिळवणं या दोन्हींपुढे सारखीच चौकट. मग माणूस साहजिकच सोपं काम आधी उचलतो, दहा कामं खोडतो, आणि ज्या एका कामावर बाकीची वीस अडून बसलेली असतात ते तसंच राहतं. रात्री तुम्हाला जे वाटतं ते खोटं नाही. कामं झालेली असतात, पण पुढचा रस्ता मोकळा झालेला नसतो. ॲपने यात काही बदलणार नाही, कारण त्यातही यादीच आहे.

मी सातपूरला एका कारखान्यात २६ वर्षं प्लॅनिंग खात्यात होतो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून डोळ्यांपुढे आहे. एक मोठं मशीन येणार होतं. ऑर्डर, वाहतूक, विमा, क्रेन, सगळं मी यादीप्रमाणे चोख केलं होतं. जुलैत मशीन दारात आलं तेव्हा त्याच्या पायाचं काँक्रीट ओतून जेमतेम आठवडा झाला होता. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात. तीन आठवडे ते मशीन ताडपत्रीखाली पावसात उभं होतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघत होता. पायाचं काम माझ्या यादीत होतं, पण ते सतराव्या क्रमांकावर. त्यानंतर मी नुसत्या यादीवर विसंबून काम केलं नाही.

त्या वेळी आमच्या वरिष्ठांनी मला जे शिकवलं तेच तुम्हाला सांगतो. पण त्याआधी दुसरी एक गोष्ट करावी लागेल. तुमच्या पत्रात मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

जॉर्ज पोल्या नावाचे हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ होते. गणित कसं सोडवावं याच्या त्यांनी १९४५ साली चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न समजून घ्या, योजना करा, ती पार पाडा, मग मागे वळून तपासा. वाचायला अगदी साधं वाटतं. पण शाळेतली मुलं काय करतात? उदाहरण अर्धं वाचून आकडेमोड सुरू करतात. आपणही मोठे झाल्यावर तेच करतो. पहिली पायरी आपल्याला वेळ घालवणं वाटते आणि चौथीपर्यंत आपण पोचतच नाही.

तुमचा प्रश्न काय आहे? तुम्ही लिहिलंय, काम वाढवायचं आहे, गाळा घ्यायचा आहे. पण गाळा हे उत्तर झालं. प्रश्न असा आहे की गेल्या मे महिन्यात नऊ ऑर्डरी उशिरा का गेल्या. जागा कमी पडली म्हणून? तुमच्या सगळ्या पत्रात जागा कमी पडल्याचं एकही वाक्य नाही. गच्ची अपुरी होती असं नाही, वाळवण घालायला कागद अंथरायला जागा उरली नाही असंही नाही. उलट दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. गिरणीवाला आठवड्यातून दोनच दिवस ओला गहू घेतो. आणि चीक शिजवायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

ताई, माझा संशय या दोन वाक्यांवर आहे. गहू भिजून तयार आहे आणि गिरणीचा दिवस परवा आहे, असं झालं की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मेच्या उन्हात गहू एक दिवस जास्त राहिला तर आंबूस वास धरतो. म्हणजे एकतर गिरणीच्या वाराकडे बघून गहू भिजवायचा, किंवा गहू वाया घालवायचा. अशा वेळी तुम्ही दुप्पट मोठा गाळा घेतलात तरी आठवड्याला गहू तेवढाच वाटला जाईल. आणि समजा वाटला गेला जास्त, तरी पहाटे पातेल्याशी हाटायला उभी राहणारी बाई एकच. पाण्याची टाकी कितीही मोठी बसवा, खालचा नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली तेवढ्याच वेळात भरणार.

पण हा माझा संशय आहे, आणि संशयावर तुम्ही अनामत देऊ नये किंवा अडवूही नये. गेल्या वर्षीची ऑर्डरींची वही काढा. उशिरा गेलेल्या नऊच्या नऊ ऑर्डरी एका पानावर लिहा आणि प्रत्येकीपुढे लिहा की ती नेमकी कुठे थांबली होती. गिरणीत? शिजवण्यात? पाऊस आला म्हणून? पिशव्या संपल्या म्हणून? आठवत नसेल तर त्या तिघींना विचारा, त्यांना नक्की आठवेल. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी एक शिस्त घालून दिली: दोष सापडला की लागोपाठ पाच वेळा 'का' विचारायचं. आमच्या सातपूर-अंबडला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांत 'व्हाय-व्हाय' हा रोजचा शब्द आहे, तुमच्या शेजारीपाजारी कुणी तिथे कामाला असेल तर त्यांना विचारून बघा. ऑर्डर उशिरा का गेली? कुरडया तयार नव्हत्या. का? चीक एक दिवस उशिरा शिजला. का? त्या दिवशी तुम्ही मुलीच्या शाळेत होतात. मग दुसऱ्या कुणी का शिजवला नाही? कारण मागे एकदा बिघडला होता. तो का बिघडला? इथे येऊन थांबा आणि या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरोखर शोधा. पाण्याचं माप चुकलं होतं? आधणाला उकळी नव्हती? हाटणं मध्येच थांबलं आणि गुठळ्या झाल्या? कारण जर माप असेल तर ते लिहून भिंतीवर लावता येतं. एका भांड्याला खूण करता येते. मग त्या तिघींपैकी एकीला तुमच्यासमोर चार वेळा करायला लावलं की पाचव्या वेळी तुम्ही शेजारच्या खोलीत बसू शकता. पहिले चार वेळा गप्प उभं राहणं अवघड जाईल, हेही आत्ताच सांगतो.

आता वरिष्ठांनी शिकवलेली चिठ्ठ्यांची गोष्ट. नऊ ऑर्डरींचं पान झाल्यावर मगच हे करा.

मुलीच्या जुन्या वह्यांचे कोरे कागद घ्या आणि ४३ कामांच्या ४३ चिठ्ठ्या करा. भिंतीच्या उजव्या टोकाला एक मोठी चिठ्ठी लावा: '१ मार्च, पहिली २० किलो कुरडई पॅक होऊन तयार.' एवढं ठाम लिहा. 'व्यवसाय सुरू' असं लिहू नका, कारण तो दिवस कधी आला ते कळत नाही. मग त्या चिठ्ठीला विचारा: तू व्हायच्या आधी काय झालेलं असायलाच हवं? जे उत्तर येईल ती चिठ्ठी डावीकडे लावा आणि दोन्हींमध्ये पेन्सिलने बाण काढा. मग त्या चिठ्ठीला तोच प्रश्न. असं डावीकडे सरकत या. शेवटाकडून मागे यायची ही युक्ती जुनी आहे, अलेक्झांड्रियाच्या पाप्पस या भूमितीकाराने ती चौथ्या शतकात लिहून ठेवली. आणि आपल्याकडे पिंपळगाव-ओझरचा द्राक्षवाला ती रोज वापरतो. त्याला बागेबद्दल विचारा, तो तारीख सांगत नाही, 'बाग ४० दिवसांची आहे' म्हणतो. गोडी छाटणीपासूनचे, म्हणजे फळं धरण्यासाठी केलेल्या छाटणीपासूनचे दिवस. माल कधी बाजारात आणायचा ते मनात धरून त्याने छाटणीचा दिवस ठरवलेला असतो. फवारणी, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) सगळं त्या मोजणीवर चालतं.

तुमची मोजणी मी करून बघितली. १ मार्चला पॅकिंग म्हणजे गहू २२ फेब्रुवारीला भिजायला हवा. गाळ्यात गहू वाटायचं मशीन बसवाल, त्या नव्या मशीनवर पहिलीच खेप गिऱ्हाइकाला पाठवायची नाही, निदान दोन खेपा करून बघायच्या. एकीचा निकाल बघून दुसरी करायची म्हणजे प्रत्येकीचे आठ असे सोळा दिवस. त्या ६ फेब्रुवारीला सुरू व्हायला हव्यात. म्हणजे मशीन ५ फेब्रुवारीपर्यंत बसलेलं, आणि वीज, पाणी, सांडपाण्याची वाट ३१ जानेवारीपर्यंत झालेली. अनामत तुम्ही ५ जानेवारीला देणार. हातात राहिले २६ दिवस. त्यात भाडेकरार नोंदवायचा, मग महावितरणकडे अर्ज, मग मीटर. अर्ज दिल्यानंतरचं काही तुमच्या हातात नाही.

तुम्ही पत्राबरोबर यादीचा फोटो पाठवलात, त्यात थ्री फेज कनेक्शन २९ वं आहे. लेबलं चौथी आहेत.

लेबलांचं आणखी एक. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक आणि तयार करणाऱ्याचा पत्ता लागतो, आणि ती नोंदणी जागेला धरून असते. जागा बदलली की नव्या जागेसाठी कागद करावे लागतात, त्यासाठी भाडेकरार हातात हवा. म्हणजे करार, मग नोंदणी, मग लेबल. आज चौथं काम म्हणून तुम्ही रविवार कारंजाला जाऊन हजारभर लेबलं छापून आणलीत, तर त्यावर म्हसरूळच्या घराचा पत्ता असेल. हे काम यादीत निरुपद्रवी दिसतं. भिंतीवर लावलं की त्याच्या मागचे दोन बाण लगेच दिसतात.

चिठ्ठ्या लावून झाल्या की कोणत्या साखळीला सगळ्यात जास्त दिवस लागतात ते मोजा आणि तेवढ्या चिठ्ठ्यांवर कुंकवाचं बोट लावा. १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट या अमेरिकी रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी हेच गणित मोठ्या कारखान्यांसाठी मांडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी याच जातीची पद्धत काढली. इंग्रजीत तिला मोठमोठी नावं आहेत, तुम्हाला त्यांची गरज नाही. त्यातलं कामाचं तेवढं असं: लांब साखळीतलं एक काम एक दिवस लांबलं तर १ मार्च एक दिवस लांबतो. बाकीची कामं चार दिवस लांबली तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तुमच्या ४३ पैकी कुंकू लागेल असं मला आठ-नऊंनाच वाटतं. रोज सकाळी आधी त्या चिठ्ठ्यांपाशी जा. त्यातलं आज एक पाऊल पुढे सरकलं की बॅनर, वजनकाटा, पिशव्या यातलं काहीही करा किंवा करू नका.

मुलीची दहावी हीसुद्धा चिठ्ठी आहे, ती भिंतीवर हवी. अलीकडे बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते, आणि तुमची पहिली खरी खेप बरोबर त्याच आठवड्यात येते. पहाटे चार वाजता चीक हाटायचा आणि दहा वाजता मुलीला केंद्रावर सोडायचं, हे दोन्ही तुम्ही कराल याची मला खात्री आहे. पण करावं लागू नये अशी मांडणी शक्य असताना का करायचं? एकीला शिजवायला शिकवण्याची चिठ्ठी म्हणून जानेवारीतच लागली पाहिजे. तिला गाळा लागत नाही, मशीन लागत नाही, परवाना लागत नाही. उद्या सुरू होऊ शकते. तुमच्या ४३ कामांत हे काम नाहीच, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं तेच आहे.

गिऱ्हाइकाला तारीख सांगताना चार दिवस पुढची सांगा. कुरडईला ऊन लागतं आणि मार्च-एप्रिलमध्ये नाशिकला अवकाळी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. हे चार दिवस प्रत्येक कामात थोडे थोडे वाटू नका, तसे ते कुठे जातात कळत नाही. सगळे शेवटी एकत्र ठेवा आणि फक्त आभाळ आलं तर वापरा.

रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं भिंतीसमोर बसा, त्या तिघींना घेऊन. कोणत्या चिठ्ठीला ठरल्यापेक्षा जास्त दिवस लागले आणि का, एवढंच एक वाक्य तिच्या मागे लिहायचं. ही पोल्यांची चौथी पायरी. या वर्षी तिचा फारसा उपयोग जाणवणार नाही. पुढच्या डिसेंबरात त्या चिठ्ठ्या काढाल तेव्हा कनेक्शनला किती दिवस लागतात ते तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

आता ५ जानेवारीबद्दल. या आठवड्यात दोनच कामं करा. पहिलं, नऊ ऑर्डरींचं पान. दुसरं, ओला गहू वाटायच्या मशीनची चौकशी. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: तासाला किती किलो भिजलेला गहू वाटतं, आणि सिंगल फेजवर चालतं का. छोटी वेट ग्राइंडर घरच्या सिंगल फेजवर चालतात, तुमच्या मापाचं तसं मिळालं तर २९ वं काम आणि त्याला लटकलेली सगळी साखळी एकदम सुटते. मशीन घेण्याआधी तुमचा भिजवलेला गहू दोन किलो डब्यात घेऊन जा आणि समोर वाटून दाखवायला सांगा. कुरडईचा चीक कसा निघतो ते बघून तुम्हालाच कळेल, कागदावरच्या आकड्यांवरून नाही.

नऊपैकी पाच-सहा ऑर्डरी गिरणीत किंवा शिजवण्यात अडकलेल्या निघाल्या तर मशीन या वर्षी घरातच बसवा, गच्ची आहेच, आणि गाळ्याच्या मालकांना आदराने सांगा की पुढच्या हंगामात बघू. त्यांनी तुमच्यासाठी थांबण्याची माणुसकी दाखवली आहे, तेव्हा हे ५ तारखेच्या आधी, स्वतः जाऊन सांगा, फोनवर नको. पाच-सहा ऑर्डरी जागेअभावी अडल्या असतील तर माझा संशय चुकला, अनामत द्या आणि त्याच दिवशी भाडेकराराच्या नोंदणीची वेळ घ्या.

पान झालं की मला पाठवा. घाईत लिहिलेलं, खाडाखोड असलेलं चालेल. नऊ नावं नकोत, नऊ कारणं हवीत.

तुमचा,
काका